रॅप ऐकून मुलं गुन्हेगार होतात?

‘रॅप ऐकणारी मुलं हळूहळू गुन्हेगारीकडे वळतात, वेळीच मोबाइल काढून घ्या,’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची काळजी खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

रॅप म्हणजे तालावर यमक जुळवत बोललेलं गाणं. ते ज्याचा भाग आहे, ते हिप-हॉप १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गरीब वस्तीतल्या नाचगाण्याच्या पार्ट्यांतून उभं राहिलं. रॅपमुळे गुन्हे वाढत असते, तर ते आधी अमेरिकेत दिसलं असतं. तिथे झालं उलटंच. १९९१ च्या सुमारास हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण शिखरावर होतं, पुढच्या वीस वर्षांत ते जवळपास निम्म्यावर आलं. आणि याच काळात रॅप घराघरात पोचलं. यावरून रॅपने गुन्हे कमी केले असंही म्हणता येणार नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही. मेसेजमध्ये नेमकी हीच गल्लत आहे.

हिंसक शब्दांची गाणी ऐकल्यावर थोडा वेळ मनात रागाचे विचार वाढतात, असं काही प्रयोगांत दिसलं आहे, हेही सांगायला हवं. पण मनात राग येणं आणि हातून गुन्हा घडणं यांत फार मोठं अंतर आहे.

पडताळायचं असेल तर मुलाशेजारी बसून एक गाणं शब्दांसकट ऐका. पुण्यात डेक्कनजवळच्या झेड ब्रिजवर एक मुलगा मोबाइलच्या बीटवर बोटांनी मात्रा मोजत होता. ‘भाडं’ला यमक जुळेना म्हणून त्याने वहीतली ओळ तीनदा खोडली. गाणं होतं आईच्या घरभाड्याच्या चिंतेवर.