पक्षांतर (बीजगणित)

पक्षांतर : समीकरणातील एखादे पद बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेऊन अज्ञात राशी एकटी करण्याची रीत. येथे पक्ष म्हणजे बाजू, शुक्ल पक्ष-कृष्ण पक्षातला. शाळेत ती 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' या एका वाक्यात शिकवतात. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि मुलांच्या बहुतेक चुका त्या अपुरेपणातून होतात. खरे तर पद कुठे जातच नाही. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते. भाजीवाल्याच्या तराजूत दोन्ही पारड्यांतून सारखे वजन काढले की काटा जागचा हलत नाही, तसेच.

मुंबईत 1 फेब्रुवारी 2025 पासून लागू झालेल्या दरांनुसार रिक्षाला पहिल्या 1.5 किमीसाठी 26 रुपये आणि पुढे दर किमीला 17.14 रुपये पडतात. अंधेरीत उतरताना मीटरवर 86 दिसले, तर अंतर किती? थांबण्याचे पैसे सोडून दिले आणि अंतराला क्ष म्हटले, तर

86 = 26 + 17.14(क्ष − 1.5)

दोन्ही बाजूंतून 26 वजा केले : 60 = 17.14(क्ष − 1.5). दोन्ही बाजूंना 17.14 ने भागले : 3.5 = क्ष − 1.5, अगदी किंचित फरकाने. दोन्हीकडे 1.5 मिळवले : क्ष = 5 किमी. क्रम लक्षात घ्यावा. गाठोड्याला शेवटी मारलेली गाठ आधी सुटते. भाडे काढताना 26 सर्वांत शेवटी मिळवले होते, म्हणून ते आधी निघाले.

दुसऱ्या पायरीवर 17.14 'चिन्ह बदलून' पलीकडे नेले, तर 60 − 17.14 = 42.86 येते आणि अंतर 44 किमीच्या वर जाते. सीएसएमटी ते ठाणे हा रेल्वेमार्गच 34 किमी आहे. 86 रुपयांत रिक्षा त्याहून लांब कशी जाईल? गुणाकार सोडवायला भागाकारच लागतो. उत्तर मूळ समीकरणात घालून पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

भाड्याला भ म्हटले, की क्ष = 1.5 + (भ − 26) ÷ 17.14. ही सूत्राची पुनर्मांडणी. किमान भाड्यापुढच्या कोणत्याही रकमेला ती चालते, पुन्हा सोडवत बसावे लागत नाही.

शून्याने भागता येत नाही. क्ष² = 5क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंना क्ष ने भागले, तर 5 हे उत्तर मिळते आणि 0 हे दुसरे उत्तर हातचे जाते.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या बीजगणित भागात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले आहे. अज्ञाते अधिक असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. एका बाजूचे अव्यक्त, म्हणजे अज्ञात राशीचे पद, दुसऱ्या बाजूच्या अव्यक्तातून वजा करावे, दुसरीकडची रूपे, म्हणजे सुट्या संख्या, पहिलीकडच्या रूपांतून वजा कराव्यात आणि उरलेल्या अव्यक्ताने उरलेल्या रूपांना भागावे, असा त्यांचा नियम आहे. या वजाबाकीला ते समशोधन म्हणतात. 'पलीकडे नेणे' यापेक्षा हा शब्द मला कितीतरी नेमका वाटतो. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव याने मठ स्थापला. तसा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवी परिसरात आहे. एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.