पाळणे आणि रोलर कोस्टर : चालनव्यवस्था (नाशिक परिसर)

जत्रेतला आकाशपाळणा असो वा थीम पार्कातला रोलर कोस्टर, त्यात माणसे बसवणे, यंत्र सोडणे, फिरवणे, थांबवणे आणि माणसे सुखरूप उतरवणे या सगळ्या कामाला मिळून चालन म्हणतात. बसणाऱ्याच्या लक्षात राहतात ती उंची आणि वेग. शौकिनाचे लक्ष मात्र फलाटावर असते. दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ गेला, पट्टा कोणी ओढून पाहिला, गाडी नेमकी कुठे थांबली, यावरून तो पाळण्याची पारख करतो. उंचच उंच पण गलथान चालवलेल्या पाळण्यापेक्षा बेताचा पण नीट चालवलेला पाळणा त्याला केव्हाही सरस वाटतो. ही नोंद त्याच बाजूने लिहिलेली आहे.

यात्रांतले पाळणे

नाशिककराची या यंत्रांशी पहिली ओळख पार्कात होत नाही, यात्रेत होते. सर्वांत ओळखीचे ठिकाण म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, मुंबई नाक्याजवळ नवरात्रात भरणारी कालिकामातेची यात्रा. जिल्ह्यात नवरात्रातच येवल्याजवळ कोटमगावला जगदंबेची, चंपाषष्ठीला ओझरला खंडोबाची आणि पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. पाळणेवाले आपला पसारा ट्रकवर लादून अशाच एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत जातात. आकाशपाळणा, ड्रॅगन, ब्रेक डान्स, टोराटोरा, कोलंबस नाव आणि पोरांसाठी मिकी माउसच्या उड्या हा त्यांचा नेहमीचा सरंजाम. मौत का कुआँ हा खरे तर पाळणा नव्हे, तमाशा आहे, कारण तिथे प्रेक्षक वर उभा असतो आणि जीव दुसऱ्याचा पणाला लागतो. त्याचा हिशेब मात्र सोपा आहे. विहिरीची त्रिज्या पाच मीटर धरली आणि टायर-फळ्यांची पकड चांगली असली, तर ताशी तीसेक किलोमीटर वेगावर मोटारसायकल उभ्या भिंतीला धरून राहते. कठड्यावरून ती याहून जोरात वाटते याचे श्रेय बरेचसे फळ्यांच्या खडखडाटाला आहे.

आकाशपाळण्यात पाहण्यासारखे असते ते त्याचे भरणे. रिकाम्या चाकाचा तोल सारखा असतो. एका पाळण्यात चार जण बसले की अडीचशे किलो वजन एका अंगाला येते आणि चाक तिकडे ओढ घेते. म्हणून कसलेला पाळणेवाला ओळीने पाळणे भरत नाही. एक भरला की चाक अर्धे फिरवून समोरचा भरतो, मग पाव फिरवून तिसरा, त्याच्या समोरचा चौथा. रांगेतल्या लोकांना हे काही पटत नाही. ‘अहो दादा, हा रिकामाच चाललाय की!’ असा आवाज येतोच आणि तो ऐकून न ऐकल्यासारखा करावा लागतो. वजनाचा अंदाज तो नजरेने घेतो. एकीकडे तीन दणकट गडी बसले, तर समोर चार पोरी आणि त्यांची आई. ‘ताई, ओढणी आत घ्या’, ‘काका, बाळाला मधे बसवा’ ही वाक्ये रात्रभर चालू असतात. उतरवताना तोच क्रम उलट चालतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी लगेच नवे गिऱ्हाईक बसवले जाते, म्हणजे तोल फारसा ढळत नाही. घाईत किंवा नवख्या हाताखाली हा क्रम चुकला की चाक थांबवल्यावरही हात-दोन हात मागे सरकते. वर अडकलेल्यांची किंकाळी उठते ती तेव्हा.

चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा माणसे हाताने फिरवतात. मोठ्या चाकाला विजेची मोटर असते; ती मधल्या आसाला न जोडता बहुधा चाकाच्या कडेला रबरी टायर दाबून किंवा कडेभोवती दोर घेऊन चाक फिरवते. कडेला थोडे बळ लावले तरी पुरते, आसापाशी त्याच कामाला कितीतरी जास्त पीळ द्यावा लागतो. यात एक खोट आहे. पावसाची सर आली की ओल्या लोखंडावर टायर घसरतो, आणि तोच टायर ब्रेकचेही काम करत असला तर थांबवणेही अवघड होते. भर पावसात पाळणा बंद ठेवणारा मालक गिऱ्हाईक घालवतो खरा, पण तो शहाणा असतो.

पावसाचा दुसरा त्रास जमिनीखालून येतो. नवरात्रात परतीचा पाऊस पुष्कळदा नाशिकला गाठतो, आणि इथली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. यात्रेतला पाळणा पक्क्या पायावर नव्हे, लाकडी ठोकळ्यांच्या थरांवर उभा असतो. पहिल्या दिवशी लेव्हल लावून घेतलेली चौकट चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात बोटभर खचलेली असू शकते. तिकीट काढण्याआधी खाली वाकून ठोकळे पाहावेत. ते सपाट आणि कोरड्या जागी असावेत, आजूबाजूला पाणी साचलेले नसावे. मग जोडांच्या पिना पाहाव्यात. पिनेच्या जागी वाकवलेला खिळा दिसला, तर तिकिटाचे पैसे सरळ गोडीशेवेकडे वळवावेत.

रोलर कोस्टर

रोलर कोस्टरचे मूळ सतराव्या शतकातल्या रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या रुळाला अडकवून सोडल्या जाऊ लागल्या, आणि १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर आपली गाडी सुरू केली. खरा बदल घडला तो १९१९ मध्ये जॉन मिलरने रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले तेव्हा. गाडी रुळावरून उचललीच जाऊ शकत नाही म्हटल्यावर मनाला येईल तसे उतार बांधता येऊ लागले. आजही प्रत्येक डब्याला वरून धावणारी, बाजूने धरणारी आणि खालून अडवणारी अशी तीन प्रकारची चाके असतात. पोलादी नळीचा रूळ १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नवर आला.

उभ्या फेऱ्याचा, म्हणजे लूपचा, प्रश्न जास्त नाजूक होता. लूप अगदी गोल केला आणि माथ्यावर गाडी जेमतेम निभावेल एवढाच वेग ठेवला, तरी पायथ्याशी बसणाऱ्याचे वजन सहापट भरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे गोल लूप बांधले गेले, त्यांनी लोकांच्या माना अवघडल्या आणि ते मागे पडले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेलच्या आराखड्याने थेंबाच्या आकाराचा लूप आला. पायथ्याशी वळण पसरट, माथ्याशी आवळलेले, त्यामुळे भार बेतात राहतो.

महाराष्ट्रातल्या एका पिढीने पहिला कोस्टर गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये पाहिला. ते १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले आणि तिथे स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा नायट्रो आला. पायाखाली फरशी नसलेला, पाच वेळा उलटा करणारा हा कोस्टर नाशिकहून पहाटे निघून, कसारा घाट उतरून एका दिवसात करून येता येतो. २०२२ मध्ये इमॅजिकाची मालकी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आली. शिर्डीचे वॉटर पार्कही त्यांचेच, म्हणजे नाशिक-पुणे रस्त्यावरचे एक गाव या धंद्यात बरेच पुढे गेले आहे.

कोस्टरला इंजिन नसते. साखळी गाडीला माथ्यावर नेऊन सोडते, पुढचे सगळे त्या उंचीवर भागवायचे असते. चाळीस मीटरचा उतार घर्षण सोडून ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग देतो. प्रत्यक्षात काही हवेत आणि काही चाकांत जिरतो. चढताना ऐकू येणारी खटखट साखळीची नसते. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून डब्याखालचा खटका रुळावरच्या दात्यांवरून पडत जातो, त्याचा तो आवाज. ज्यांना या आवाजाने धडकी भरते त्यांनी तो बंद पडला तर घाबरावे, चालू असताना नव्हे.

चालनाचा गाभा म्हणजे ब्लॉक. रेल्वेत सिग्नलमागच्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असते, तीच ही पद्धत. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गाडी पूर्ण थांबवता येईल अशी सोय असते: साखळीचा चढ, मधला ब्रेक, शेवटचा ब्रेक, फलाट. पुढचा टप्पा रिकामा झाल्याची खूण संगणकाला मिळाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. म्हणून गाड्यांची संख्या टप्प्यांपेक्षा निदान एकने कमी ठेवावी लागते. चढावर गाडी मध्येच थांबली की लोक ‘बिघडलं’ म्हणतात. बहुतेक वेळा काहीच बिघडलेले नसते. फलाटावर कुणाची तरी पर्स राहिली असते, त्यामुळे पुढची गाडी हललेली नसते आणि यंत्रणा चोख काम करत असते.

ही यंत्रणा माणसाने बाजूला सारली की काय होते, ते २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सच्या स्माइलर कोस्टरवर दिसले. चाचणीची रिकामी गाडी मार्गात खोलगट जागी अडकून पडली होती. यंत्रणेने मागची भरलेली गाडी चढावर बरोबर अडवून धरली. तंत्रज्ञांना रिकामी गाडी अडकल्याचे ठाऊक नव्हते. थांबा चुकीचा आहे असे समजून त्यांनी तो मोडून गाडी पुढे सोडली. टक्कर झाली, १६ जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. कंपनीला पुढच्या वर्षी ५० लाख पौंड दंड झाला. आपल्याकडे १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोके घेणाऱ्या पाळण्याचा दांडा तुटून दोघे दगावले. पहिली घटना हुकमाची, दुसरी लोखंडाची. वर्तमानपत्रे दोन्हीला ‘पाळणा दुर्घटना’ म्हणून मोकळी होतात, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

शेवटचा ब्रेक आता बहुधा चुंबकी असतो. डब्याखालची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकांच्या मधून गेली की तिच्यातच प्रवाह उठतात आणि गाडीला मागे ओढतात. याला वीज लागत नाही. वेग जास्त तितकी ओढ जास्त, आणि गाडी मंदावली की ओढही मंदावते; त्यामुळे चुंबक गाडीला पूर्ण उभी करू शकत नाही. ते काम दाबाच्या हवेवर चालणाऱ्या पकडीच्या ब्रेकला किंवा टायरांना करावे लागते. फलाटात शिरताना बसणारा तो शेवटचा हिसका त्यांचा.

फलाटावरचा वेळ हाच पार्काचा खरा पैसा. चोवीस जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला ७२० लोक बसतात. दीड मिनिटाने सुटली तर ९६०. रुळाची एक इंचही लांबी न वाढवता रांग पाऊण होते. वेळ खातात त्या पिशव्या, मोबाइल, चपला आणि ‘आम्हाला सगळ्यांना एकाच ओळीत बसू द्या’ हा हट्ट. चांगल्या चमूत एक जण उतरणाऱ्यांना वाट काढून देतो, दोघे दोन्ही बाजूंनी पट्टे ओढत जातात, अंगठे वर होतात आणि मगच गाडी सुटते. पुष्कळ कोस्टरांवर सोडण्याची बटणे दोन ठिकाणी असून ती एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे एकट्याच्या चुकीने गाडी हलत नाही. पट्टा स्वतःच्या हाताने खेचून न बघता नुसती नजर टाकत पुढे जाणारा कर्मचारी दिसला, की तिथल्या बाकीच्या शिस्तीचाही अंदाज येतो.

सकाळी दरवाजे उघडण्याआधी मार्गावरून पायी तपासणी होते, चाके आणि खटके पाहिले जातात, मग रिकाम्या गाड्या सोडतात. थंड वंगण आणि कडक चाके यांमुळे पहिल्या फेऱ्या रेंगाळतात. दुपारपर्यंत तीच गाडी तोच उतार जोरात घेते, आणि भरलेली गाडी रिकामीपेक्षा जास्त पळते. स्माइलरवर अडकलेली गाडी रिकामी होती आणि त्या दिवशी वारा होता, हा योगायोग नव्हे.

परवाने

यात्रेत पाळणा उभारायला पोलिसांचा परवाना, विद्युत निरीक्षकाची तपासणी आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यांत्रिकी विभागाचा दाखला असे सोपस्कार असतात. दाखला उभारणीच्या दिवसाचा असतो, ठोकळे खचतात नंतर. कराच्या बाबतीत, जुलै २०१७ मध्ये पार्कांवर आणि पाळण्यांवर २८ टक्के जीएसटी लागला होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला.

कुठे बसावे, केव्हा जावे

कोस्टरच्या सर्व डब्यांचा वेग कुठल्याही क्षणी सारखाच असतो, पण माथा ते वेगवेगळ्या वेळी ओलांडतात. पहिला डबा हळूच डोकावून लोंबकळतो, कारण मागची निम्मी गाडी अजून चढावर असते. शेवटचा डबा माथ्यावर पोहोचेपर्यंत पुढचे डबे उतारावर धावू लागलेले असतात, त्यामुळे तो माथ्यावरून खेचला जातो आणि बसणारा आसनावरून उचलला जातो. दृश्य हवे तर पुढे, पोटात गोळा हवा तर मागे. मधल्या ओळींना पसंती देणारा शौकीन विरळाच. पार्कात सुट्टीच्या दिवशी सकाळी मोठ्या कोस्टरकडे आधी धावण्याचा सल्ला सगळेच देतात. रांगेच्या दृष्टीने तो बरोबर आहे, वेगाच्या दृष्टीने संध्याकाळ बरी.

यात्रेत फेरीची लांबी गर्दी ठरवते. अष्टमी-नवमीला रांग रस्त्यापर्यंत गेली की पाळणेवाला चार चकरांत आटोपते घेतो. कालिकेच्या यात्रेत दुसऱ्या-तिसऱ्या माळेला, पाऊस नसलेल्या संध्याकाळी गेले, तर तेवढ्याच तिकिटात दुप्पट वेळ वर राहता येते.