मधली जागा : केरळच्या रबरातली आणि वरूडच्या संत्र्यातली

संत्र्याची कलमे सहा बाय सहा मीटरवर लावली की प्रत्येक झाडाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर जमीन येते. पण नव्या कलमाचा घेर, म्हणजे पसाऱ्याचा व्यास, जेव्हा जेमतेम मीटरभर असतो, तेव्हा त्याने झाकलेली जागा एक चौरस मीटरही भरत नाही. उरलेल्या जागेवर ऊन पडते, पाऊस पडतो आणि काही पेरले नाही तर तण माजते. बाग फळावर यायला पाचेक वर्षे लागतात, तोवर घर चालावे म्हणून विदर्भातल्या वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या पट्ट्यात दोन ओळींच्या मध्ये सोयाबीन, मूग, उडीद किंवा हरभरा घेतला जातो.

केरळातल्या लहान रबर उत्पादकापुढेही हाच प्रश्न असतो, कारण रबराचा चीक काढायला सुरुवात होते ती साधारण सातव्या वर्षी. रबराला वर्षाकाठी २००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस लागतो, त्यामुळे हे झाड विदर्भात येणार नाही. तरीही त्या शेतकऱ्याची तोड पाहण्यासारखी आहे. तो पहिली तीन-चार वर्षे ओळींमध्ये अननस किंवा केळी लावतो. अननसाची पाने आपली रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे या पिकाला पाणी कमी लागते आणि रबराच्या रोपाशी त्याची फारशी ओढाताण होत नाही. पुढे रबराचे शेंडे एकमेकांना भिडतात, खाली भर दुपारीही अंधूक उजेड राहतो आणि अननस आपोआप संपतो. तिथे आंतरपिकाची मुदत सावली ठरवते.

संत्र्यात चार मीटर घेराचे झाडसुद्धा आपल्या ३६ चौरस मीटरांपैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडीच अधिक जागा झाकते. ऊन तर मुबलक उरते, मग फळत्या बागेतही पीक का घेऊ नये, असे वाटणे साहजिक आहे. अडचण जमिनीखाली आहे. संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या फूटभर थरात पसरलेली असतात. बुंध्याजवळून वखर किंवा डवरा चालला की ती तुटतात आणि त्या जखमांतून डिंक्या रोगाच्या (बुंध्यातून डिंक गळायला लावणाऱ्या) बुरशीला वाट मिळते. या बुरशीचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत बुंध्यापर्यंत पोहोचतात, म्हणून भरपूर पाणी मागणारे गहू-उसासारखे पीक बागेत नकोच.

कडधान्ये आणि सोयाबीन त्या मानाने निभावतात. फुलोऱ्यातले सोयाबीनचे एखादे झाड हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर तिथले जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत असे समजावे. मात्र या नत्राचे कौतुक जरा जास्तच होते, असे मला वाटते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे बांधलेल्या नत्राचा मोठा भाग पोत्यात भरून बाजारात जातो आणि संत्र्याला मिळतो तो गळलेला पाला व मुळे, एवढाच. आंतरपीक घेतले म्हणून बागेचे शेणखत कमी करणे परवडणारे नाही.

आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या, फळत्या बागेत आणखी एक पेच पडतो. हा बहार फुटावा म्हणून डिसेंबर-जानेवारीत झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण द्यावा लागतो. पाण्याअभावी वाढ थांबते, झाडात अन्नसाठा होतो आणि पुन्हा पाणी दिल्यावर नवतीबरोबर (नव्या पालवीबरोबर) फुले येतात. नेमके त्याच दिवसांत हरभरा फुलोऱ्याला आणि घाटे भरताना ओलित मागतो. ओळींमधल्या हरभऱ्याला पाणी दिले की ते वरच्या थरातल्या संत्र्याच्या मुळांनाही मिळते, ताण मोडतो आणि फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. म्हणून कोवळ्या बागेत चालणारा हरभरा फळत्या बागेतून काढावा लागतो. धुऱ्यापलीकडच्या (बांधापलीकडच्या) वावरात हरभरा भिजत असेल, तर पाझराने कडेच्या ओळीचा ताणही बिघडू शकतो. अशा वेळी धुऱ्याकाठी चर खोदून घेतलेला बरा.