रेफरीचा वर गेलेला हात

सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की गोव्यातल्या बार्देस-पेडण्यात शेतातच गोलपोस्ट उभे राहतात. बांधावर बसून सामना पाहताना एक वाद हमखास ऐकू येतो: फ्री किक सरळ गोलात गेली, मग रेफरीने गोल का नाकारला? उत्तर त्याच्या वर गेलेल्या हातात असते. हात वर असेल तर किक इनडायरेक्ट. चेंडू आणखी एखाद्या खेळाडूला लागल्याशिवाय गोल नाही. थेट आत गेला तर उलट समोरच्यांना गोल किक.

ही भानगड समजायला १८६३ पर्यंत मागे जावे लागते. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने त्या वर्षी नियम लिहिले, त्यात फ्री किक ही शिक्षा नव्हतीच. चेंडू झेलायचा, टाचेने जमिनीवर खूण करायची आणि कुणी अंगावर न येता मोकळेपणी किक मारायची. झेलाची ही सवलत १८६६ मध्ये गेली. १८७२ मध्ये फ्री किक परत आली ती चेंडू हाताळणाऱ्याला शिक्षा म्हणून, पण तिच्यावर थेट गोल होत नसे.

गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय शिवोलीत आलेल्या फादर विल्यम लायन्स यांना देतात, साल १८८३. म्हणजे चेंडू आपल्याकडे पोहोचला तेव्हा पेनल्टी किक कुठेच नव्हती आणि फ्री किकवर थेट गोलही नव्हता. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण आज ज्याला आपण साधा न्याय समजतो तो तेव्हा खेळातच नव्हता.

त्याची किंमत फेब्रुवारी १८९१ मध्ये दिसली. फुटबॉल असोसिएशनच्या एफए कप स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्टोकचा चेंडू गोलात जात असताना नॉट्स काउंटीच्या बचावपटूने तो रेषेवर हाताने अडवला. फ्री किक मिळाली, पण थेट गोल चालत नव्हता. गोलरक्षक चेंडूसमोरच उभा राहिला आणि धोका टळला. स्टोक १-० ने हरले. आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम यांनी सुचवलेली पेनल्टी किक त्याच वर्षी जूनमध्ये नियमात आली. धक्काबुक्की आणि हाताळणीसाठी थेट गोलाची मुभा मात्र १९०३ पर्यंत थांबली. किकसमोर उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या भिंतीचे चेंडूपासूनचे अंतर सहा यार्डांवरून दहा यार्ड झाले ते १९१३ मध्ये.

गोव्याचे नामवंत गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ सहकाऱ्याने मागे दिलेला पास गोलरक्षक खुशाल हातात घेत असे. १९९२ पासून त्यावर इनडायरेक्ट किक मिळते, तीही गोलाजवळच. चेंडू गोलरेषेपासून दहा यार्डांच्या आत असेल तर बचावणारे अकराही जण गोलपोस्टांमधल्या रेषेवर उभे राहू शकतात.