माशाचा वास, कोकम आणि एकाकी जोडी

कोकणात माशाच्या कालवणाला आमसूल, आगळ किंवा चिंच लागतेच. चव येते, आणि माशाचा वासही मरतो. तो का मरतो, याचं उत्तर वासाच्या रेणूच्या आकारात आहे. हा आकार कागदावर, साध्या बेरीज-वजाबाकीने काढता येतो. रसायनशास्त्रातली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

शिळ्या बांगड्याचा तो ओळखीचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनचा. मधोमध नायट्रोजन, त्याला जोडलेले तीन मिथिल गट (एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन, असा एक गट). तीनच शेजारी, म्हणजे सपाट त्रिकोण आणि १२० अंशांचे कोन असणार, असं वाटतं. बोरॉन ट्रायफ्लुओराइडचा रेणू खरोखर तसाच असतो. पण बोरॉनच्या बाहेरच्या कवचात तीन इलेक्ट्रॉन असतात आणि तिन्ही बंधांत लागतात. नायट्रोजनचे असतात पाच. तीन बंधांत गेले की दोन उरतात. कोणाशीही न जोडलेल्या या दोघांना एकाकी जोडी म्हणतात.

रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी १९५७ साली मांडलेला नियम असा: मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींपासून होता होईल तेवढ्या लांब राहतात. प्रत्येक बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली एक जोडीच. म्हणून बंधांबरोबर एकाकी जोड्याही मोजायच्या. चार जोड्या असतील, तर त्या चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, चार कोपऱ्यांकडे वळतात. मिथेनमध्ये चारही जोड्या बंधांतल्या, म्हणून कोन बरोबर १०९.५ अंश. अमोनियात नायट्रोजनला तीन हायड्रोजन, म्हणजे चारांतली एक जोडी एकाकी. बंधातल्या जोडीला दोन अणुकेंद्रकं धरून ठेवतात, एकाकी जोडीला एकच. त्यामुळे ती ऐसपैस पसरते आणि बंधांना रेटते. कोन सुमारे १०७ अंशांवर येतो. पाण्यात अशा दोन जोड्या, कोन १०४.५.

ट्रायमिथिलअमाइनही असाच, तिवईसारखा: खाली मिथिलचे तीन पाय, वर एकाकी जोडी. फक्त मिथिल गट हायड्रोजनपेक्षा मोठे आणि तेही एकमेकांना ढकलतात, म्हणून इथे कोन १११ अंशांच्या आसपास भरतो.

कोकमातलं आम्ल नेमकं त्या वरच्या जोडीला गाठतं. कोकमात मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. त्यातून सुटलेला हायड्रोजन आयन एकाकी जोडीवर जाऊन बसतो, नायट्रोजनचे चार बंध पुरे होतात आणि रेणूवर धनप्रभार येतो. प्रभारित आयन हवेत उडत नाही, रश्शातच राहतो. नाकापर्यंत काही पोचतच नाही, मग वास कसला येणार?

ताजी मासळी फारशी का घमघमत नाही, तेही यातूनच कळतं. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असतं. त्यात ती जोडी ऑक्सिजनशी बांधलेली असते आणि या पदार्थाला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू तो ऑक्सिजन काढून घेतात, जोडी मोकळी होते आणि वास सुटतो.

मात्र आकारावरून सगळंच कळत नाही. खाडीकाठी खारफुटीच्या चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्यातल्या गंधकावर एक सोडून दोन एकाकी जोड्या, आणि कोन जेमतेम ९२ अंश. तरीही आंबटाने तो वास जात नाही. गंधक आपली जोडी हायड्रोजन आयनला सहजासहजी देत नाही, नायट्रोजन देतो.