परळीच्या कोळशाची वीज आणि इलेक्ट्रिक गाडी: हिशोब करून बघा

आमच्या बीडकडं इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे वीज तर परळीच्या वीजकेंद्रात कोळसा जाळूनच होते ना, धूर इथं नाही तर तिथं, फरक काय?" कितीतरी दिवसांपासून हेच ऐकतोय, पण हे बरोबर नाहीये.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरमागं १५० ग्रॅमच्या आसपास, आणि यात रिफायनरी अन टँकरचा धूर धरलेलाच नाही. आता वीज बघा. ग्रिडमधी, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्यात, एकटी परळी नाही, पाणी, वारा, सूर्य सगळ्यांची वीज मिसळते, देशाची सरासरी युनिटमागं ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास येते. चार्जिंगची गळती धरून युनिटला ६ किलोमीटर मिळाले तरी १२० ग्रॅमच्या आसपासच होतं. कारण पेट्रोल इंजिनमधी बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटर मात्र बॅटरीतली बहुतेक वीज चाकापर्यंत पोचवते.

बॅटरी बनवताना प्रदूषण जास्त होतं हे खरंय, ते फिटायला गाडी हजारो किलोमीटर पळवावी लागते, नुसती दारात उभी ठेवून फायदा नाही. परळीच्या राखेचा त्रासही खराच, तो मी नाकारत नाही. पण पेट्रोलची गाडी दहा वर्षांनी पण पेट्रोलच जाळणार, अन ईव्ही मात्र छतावर सोलर बसवून दिवसा चार्ज केली की त्याच दिवसापासून उन्हावर पळायला लागते.