‘तोर्प्पारी’ या फिनिश शब्दाची पार्श्वभूमी

फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीचा तुकडा कसून त्यावरच घर करून राहणाऱ्या कुळाला ‘तोर्प्पारी’ म्हणत. हा शब्द स्वीडिश ‘तोर्पारे’वरून आला. त्यातील ‘तोर्प’ हा गाव या अर्थाच्या जर्मन ‘डोर्फ’चा सगोत्र, स्वीडिशमध्ये मात्र त्याचा अर्थ आकसत जाऊन कुळाच्या लहानशा घर-शेतापुरता उरला. १७४३ साली सामान्य शेतमालकांनाही आपल्या जमिनीत अशी कुळे वसवण्याची मुभा मिळाल्यावर हा वर्ग वाढला. खंड मुख्यतः मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबून फेडावा लागे. त्या कामाचे ‘तक्सवॅर्क्की’ हे नावही स्वीडिशमधूनच आलेले आहे.

खरा गुंता शेजारच्या शब्दांचा आहे. ‘लांपुओती’ अख्खी शेतवाडी खंडाने घेई, ‘मॅकितुपालाइनेन’कडे झोपडीपुरती जागा आणि फार तर बटाट्याचा वाफा असे, ‘लोइनेन’ला तेवढेही नव्हते, तो परक्याच्या घरात आश्रयाने राही. जीवशास्त्रातील परजीवीला आज फिनिशमध्ये हाच शब्द आहे, आणि त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील ‘लोइनेन’ वाचताना त्या माणसांवर नकळत अन्याय होतो. राजकीय भाषणांत हे सारे थर ‘तोर्प्पारी’ या एकाच नावाखाली घातले गेले. कायद्याला तसे करून चालणार नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः लाउक्को या जमीनदारी वाडीतील संपकरी कुळांना १९०७ साली घराबाहेर काढल्यानंतर, हा प्रश्न पेटला. यादवी युद्धात दक्षिण फिनलंड हाती असलेल्या ‘लाल’, म्हणजे समाजवादी बंडखोरांच्या, सरकारने ३१ जानेवारी १९१८ रोजी तोर्प्पारी, लांपुओती आणि मॅकितुपालाइनेन यांना जमीनमालकांच्या सत्तेतून मुक्त करणारा कायदा जाहीर केला. पराभवाबरोबर तो संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विजेत्यांच्या संसदेने कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला आणि किंमत १९१४ च्या पातळीवर बांधली. महागाईमुळे ती प्रत्यक्षात फारच स्वस्त पडली. कुळांच्या मुक्तीचे श्रेय बहुधा या दुसऱ्या कायद्यालाच दिले जाते. जमिनी त्यानेच कायमच्या मिळवून दिल्या हे खरे. परंतु जानेवारीतील घोषणा आणि त्याआधीची बेदखली वगळून त्या निर्णयाची निकड उलगडत नाही.

ज्यांच्याकडे खंडाने घेतलेली जमीनच नव्हती, त्यांच्या हाती ऑक्टोबरच्या कायद्याने काही पडले नाही. भूमिहीनांना जमीन मिळवून देणारा वेगळा कायदा १९२२ साली झाला.